वाळूतली गल्ली

माझ्या भाऊजींच्या घरात मीठ संपलं तरी त्याची मोहीम होते. कोण जाणार, कुठल्या बाजूने जाणार, दुकान बंद असलं तर पुढे काय, हे सगळं ते सकाळच्या चहाला उभं राहून सांगतात. सांगून झालं की समोरच्याला म्हणतात, "आता तू सांग." म्हणजे आपल्याला काय समजलं ते आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवायचं. फौजेतली पद्धत आहे ती. आपण काय सांगितलं यापेक्षा समोरच्याने काय ऐकलं ते महत्त्वाचं, असं भाऊजींचं म्हणणं. आणि सगळ्यात शेवटी, दोन्ही हात मागे बांधून, "काही शंका?"

शंका कधीच कोणाला नसते. एक तर सगळं इतकं बारीक सांगितलेलं असतं की शंकेला जागाच उरत नाही. आणि दुसरं म्हणजे तो प्रश्न ज्या सुरात येतो, त्या सुरापुढे तोंड उघडायची कोणाची छाती होत नाही. माझी ताई, म्हणजे भाऊजींची बायको, लग्न होऊन त्या घरात गेली तेव्हापासून हा प्रश्न ऐकत आली. दर बदलीला सामान बांधायच्या आधी तो यायचाच. पहिली पेटी, स्वयंपाकघर. दुसरी पेटी, अंथरुणं-पांघरुणं. तिसरी पेटी, मुलाची पुस्तकं आणि औषधं. ताई ऐकायची, परत म्हणून दाखवायची आणि नाही म्हणून मान हलवायची. मी तिच्या जागी असते तर पहिल्याच पेटीला शंभर शंका काढल्या असत्या. पण मी लग्नाच्या भानगडीत पडले नाही, शिलाईचं दुकान टाकलं. भाऊजी मला 'जनरल' म्हणतात. स्वतः ब्रिगेडियर म्हणून निवृत्त झाले, तेव्हा मेहुणीला तीन पायऱ्या वर चढवायला त्यांचं काय जातंय!

त्यांची चेष्टा मी तोंडावर करते, पण माणूस साधा नाही. फौजेत म्हणे अधिकाऱ्यांच्या दोन तऱ्हा असतात. एक पुढे धावणारे, दुसरे टेबलाशी बसून नकाशावर रेघा ओढणारे. धावणाऱ्यांना टेबलवाले कारकून वाटतात आणि टेबलवाल्यांना धावणारे बिनडोक वाटतात. भाऊजी दोन्हीकडे पहिल्या बाकावर. मुख्यालयात असताना एका अरुंद पुलावरून हजारो माणसं, गाड्या आणि तोफा नदीपलीकडे न्यायचं वेळापत्रक त्यांनी आखलं होतं. पुलावर एकही गाडी खोळंबली नाही, आणि पुढे ते वेळापत्रक नव्या अधिकाऱ्यांना शिकवायला ठेवलं गेलं. त्या कामाचं पदक नसतं. त्या कामाचा त्यांना चष्मा मिळाला.

पदक मिळालं ते डोंगरावरच्या हल्ल्याचं. ती गोष्ट त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाही. त्यांच्या तुकडीतला एक सुभेदार त्यांना भेटायला आला होता, तेव्हा माझ्या दुकानात शर्टाचं माप देता देता त्याने सांगितली. धुकं इतकं, की पुढे केलेला हात दिसेना. वर शत्रू बसलेला. माणसं पांगली असती तर संपलंच होतं. तेव्हा भाऊजी, त्या वेळचे तरणेबांड कॅप्टन, सगळ्यांच्या पुढे चढत गेले आणि चढताना मोठमोठ्याने बोलत राहिले. "इकडे दगड आहे, डावीकडून या. हं, शाब्बास. पुढे सपाट आहे." गोळ्या आवाजाच्या रोखाने यायच्या, आणि माणसंही त्याच आवाजाच्या रोखाने. "साहेब आमच्यासाठी बोलत होते हो," म्हणताना त्या सुभेदाराचे डोळे भरून आले, आणि छातीचं माप मला दोनदा घ्यावं लागलं.

असा हा माणूस. आणि या माणसाला ताईच्या डोळ्यांपुढे हात टेकायची वेळ आली.

ताईची नजर मधोमधून जायला लागली. डॉक्टर म्हणाले, मधलं जातंय, कडेचं बराच काळ राहील; आहे त्या नजरेत वावरायची सवय लावून घ्या. ताईने मला ते तिच्या पद्धतीने समजावलं. "तुझ्याकडे बघितलं की तू दिसत नाहीस, शेजारची भिंत दिसते. तुला बघायचं तर भिंतीकडे बघावं लागतं."

"मग माझ्याकडे ढुंकूनही बघू नकोस," मी म्हटलं, "म्हणजे मी छान दिसेन."

ती हसली. घरी जाऊन मी काय केलं ते सांगत नाही.

ताई-भाऊजी राहतात आमच्या गल्लीच्या त्या टोकाला आणि माझं दुकान या टोकाला. निवृत्तीनंतर भाऊजींनी हे घर घेतलं ते ताईच्या हट्टापायी. आयुष्यात तिने केलेला हा एकच हट्ट, आणि तो माझ्यासाठी होता. रोज दुपारी ती दुकानात यायची, माझ्या मशीनशेजारच्या स्टुलावर बसायची आणि काजं-बटणं करायची. नजर गेल्यावर काजं सुटली, पण बटणं तिने सोडली नाहीत. "बटण काय डोळ्यांनी लावतात होय?" म्हणायची. सुईत दोरा मी ओवून द्यायचे, बाकी सगळं तिची बोटं करायची. तिने लावलेलं बटण शर्ट फाटला तरी निघत नाही.

मग एका दुपारी येताना सायकलच्या दुकानाबाहेर काढून ठेवलेल्या चाकात तिचा पाय अडकला. मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळून आलं, पण ताईचा पाय काही उंबऱ्याबाहेर पडेना. मी म्हटलं, मी येते, हाताला धरून नेते आणि पोचवते. दोन-चार दिवस तसं केलंही. पण ती स्टुलावर अवघडून बसायची. एकदा हळूच म्हणाली, "धरून आणलेल्या माणसाला उठावंसं वाटलं तरी दुसऱ्याकडे बघावं लागतं गं. आणि मला तर नीट बघताही येत नाही." दुसऱ्या दिवशी तिने येत नाही म्हणून सांगितलं.

त्यात भाच्याचा फोन. मुलगा गुणी आहे, आईवर जीव आहे त्याचा, पण राहतो दूरच्या शहरात, आठव्या मजल्यावर. तो म्हणाला, "आई एकटी बाहेर पडू शकत नसेल तर तिथे राहण्यात काय अर्थ आहे? खोली तयार आहे. महिनाअखेरीला येतो, दोघांना घेऊन जातो." त्यात वावगं काहीच नव्हतं, म्हणूनच त्याला नाही म्हणता येईना. ताई फोन ठेवून मला म्हणाली, "तिथे मला बटणं कोण देणार?"

खरं सांगायचं तर मला बटणांचं काही नव्हतं. मला माझी बहीण हवी होती. अख्खं तरुणपण ती या माणसाच्या पेट्यांबरोबर गावोगाव फिरली आणि मला तिची नुसती खुशाली कळत राहिली. आता कुठे ती माझ्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसली होती. ती परत जाणार म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला.

भाऊजींच्याही पोटात आला असावा. पण पोटातला गोळा दाखवायचा नसतो, कामाला लावायचा असतो, हा त्यांचा खाक्या. एके दिवशी सकाळी ते माझ्या दुकानात आले, हात मागे बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "जनरल, कापडाच्या चिंध्या पाहिजेत. वेगवेगळ्या पोताच्या. आणि टाचण्या. डोक्याच्या."

"बिनडोक माझ्याकडे नसतातच," मी म्हटलं.

हल्ल्याच्या आधी फौजेत म्हणे जमिनीवर वाळू पसरून समोरच्या मुलखाची प्रतिकृती करतात. डोंगर, ओढा, वाट, शत्रूचे मोर्चे, सगळं हुबेहूब. माणसं त्याच्याभोवती बसून वाट पाठ करतात. भाऊजींनी ताईसाठी तशी आमची गल्ली केली. जेवणाच्या टेबलावर मोठा लाकडी ट्रे, त्यात गल्लीच्या मध्यावर चाललेल्या बांधकामावरून मागून आणलेली वाळू. घरं काडेपेट्यांची. दिव्याचे खांब पेन्सिलींचे. गटार म्हणजे जाड लोकर. फरशी उखडली आहे तिथे माझं कॉर्डरॉय, औषधाच्या दुकानापुढच्या गुळगुळीत लाद्यांना साटीन, शाळेच्या भिंतीकडेच्या खडबडीत पट्ट्याला तागाचं कापड. माझ्या दुकानाच्या काडेपेटीवर त्यांनी चक्क एक बटण चिकटवलं होतं. ते बघून मी चिंध्यांचे पैसे मागायचं सोडून दिलं. अशी वेळ माझ्यावर फारशी येत नाही.

आणि जिथे जिथे धोका, तिथे तिथे लाल डोक्याची टाचणी.

ताई टेबलाशी बसायची. भाऊजी तिच्या मागे उभे राहायचे, तिचं बोट धरून फाटकापासून सुरुवात करायचे. "हे आपलं फाटक. इथे उतरती पायरी. टाचणी. पुढे कॉर्डरॉय, म्हणजे उखडलेली फरशी. टाचणी. डावीकडे गटार, झाकण हलतं. टाचणी. इथे मोटारसायकली वळतात. टाचणी." त्यांचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता. त्यांची हनुवटी तिच्या केसांना लागत होती, आणि ते दोघांच्याही लक्षात नव्हतं. मी चहाचे कप उचलण्याचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेले.

"आता तू सांग," भाऊजी म्हणाले.

ताईने सांगितलं. फाटकापासून माझ्या दुकानापर्यंत, न अडखळता, एकही टाचणी न चुकवता. जन्मभराची सवय.

"काही शंका?"

ताईने मान हलवली. मग चपला घातल्या, हातात काठी घेतली, दारापर्यंत गेली, कडीला हात लावला आणि परत फिरली. "आज डोकं दुखतंय," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ऊन फार होतं. तिसऱ्या दिवशी वारा. भाऊजींना वाटलं, आपल्याच तयारीत कमी राहिली. ते गल्लीत परत फिरून आले, राहिलेले धोके शोधून काढले आणि आणखी टाचण्या खोचल्या. कुत्रं बसतं ती जागा. शाळा सुटल्यावर पोरं धावत येतात तो कोपरा. रस्त्यावर उघडणारी खिडकी. अशी सुधारत सुधारत गल्ली लालेलाल झाली. ताई मात्र आता चपलाही घालेना. महिनाअखेर जवळ येत चालली, आणि भाऊजींचं चहाला उभं राहून बोलणंही कमी होत गेलं.

एका दुपारी मी बटणांचा डबा घेऊन गेले. ताई टेबलाशी एकटीच बसली होती. तिचं बोट गल्लीतून चाललं होतं, आणि प्रत्येक टाचणीपाशी ते मागे यायचं, विस्तवाला लागल्यासारखं. मला एकदम दिसलं काय झालंय ते. मी आतल्या खोलीत जाऊन भाऊजींसमोर उभी राहिले.

"भाऊजी, ही आमची गल्ली आहे. शत्रूचा डोंगर नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! औषधवाला तिला लांबून हाक मारतो, ते कुठे आहे तुमच्या वाळूत? शाळेच्या भिंतीपाशी सावली असते, तिथे ती दम घ्यायला थांबते, त्याची टाचणी कुठाय? तुम्ही तिला रस्ता नाही शिकवलात. तुम्ही तिला सगळी भीती पाठ करून दिलीत. आणि तुमची बायको हुशार, तिने ती घोटून पाठ केली!"

माझ्या नाकावर राग असतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण इतकं मीही कधी बोलले नव्हते. भाऊजी उठले. बाहेर आले, टेबलापाशी उभे राहिले आणि फाटकापासून एकेका टाचणीवरून बोट फिरवत गेले. मग मला फाटकापर्यंत पोचवायला आले. तिथे म्हणाले, "बरोबर आहे तुझं. मी हे टेबलावर बसून केलं. त्या जमिनीवरून तिच्यासारखा चाललोच नाही." मग फाटक उघडून धरत म्हणाले, "डोळ्यांवर बांधायला पट्टी शिवून देशील? काळी. आरपार दिसता कामा नये."

पट्टी मी कोटाच्या अस्तराच्या कापडाची, दुहेरी घडीची शिवली. दुसऱ्या दिवशी ती न्यायला आले तेव्हा त्यांनी मला हुकूम दिला. उद्या दुपारी ते पट्टी बांधून फाटकातून एकटे निघणार आणि माझ्या दुकानापर्यंत येणार. काहीही झालं तरी मी दुकानातून बाहेर पडायचं नाही.

"आता तू सांग."

"काहीही झालं तरी बाहेर पडायचं नाही," मी म्हटलं. "मोटारसायकलीखाली आलात तरी आत बसून शिवत राहायचं."

"काही शंका?"

"तुम्हाला वेड लागलंय का, एवढीच."

"ती शंका नाही," भाऊजी म्हणाले, "ते मत आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मशीनवर नुसती बसून होते. भाऊजी फाटकाबाहेर आले. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, ताठ पाठ, डोळ्यांवर काळी पट्टी, हातात ताईची काठी. ताईला त्यांनी खिडकीपाशी बसवलं होतं आणि काय करणार ते सांगितलं होतं. गल्लीने हातातली कामं सोडली. औषधवाला काउंटरमागून बाहेर आला. सायकलवाल्याने बाहेरची चाकं गुपचूप आत ओढली. कोणी हसलं नाही. ब्रिगेडियरसाहेबांना हसायची आमच्या गल्लीत रीत नाही.

पायरी उतरले. उखडलेली फरशी ओलांडली. काठी टक-टक वाजत होती, चाल संथ पण सरळ होती. मला वाटलं, जमलं की! गटाराचं झाकण त्यांनी काठीने चाचपलं, बाजूने वळसा घेतला आणि पुढे आले.

पण त्या दिवशी सकाळीच बांधकामावर खडीचा ट्रक येऊन गेला होता. ज्या ठिकाणाहून भाऊजींनी वाळू आणली होती, बरोबर तिथेच, अर्धा रस्ता अडवून खडीचा ढीग पडला होता. तो कुठल्याच टाचणीत नव्हता. काठी खडीत रुतली. भाऊजींनी ती उपसली, उजवीकडे गेले तर तिकडे खडी, डावीकडे गेले तर पायाखालची खडी सरकली. ते गुडघ्यावर आले, उठले, आणि उठताना त्यांची दिशा फिरली. आता त्यांचं तोंड समोरच्या भिंतीकडे होतं. त्यांनी एक पाऊल टाकलं, परत घेतलं. दुसरीकडे वळले. काठी हातातून सुटली आणि घरंगळत गेली. मग ते थांबले. दोन्ही हात पुढे करून, रस्त्याच्या मधोमध नुसते उभे राहिले.

आयुष्यभर मी त्या माणसाला इतक्या रूपांत पाहिलं होतं, पण असं नाही. मी उठलेच होते, उंबऱ्यापर्यंत आले, आणि तो मेला हुकूम आठवला. उंबऱ्याच्या आत उभी राहून मी चौकट घट्ट धरली.

तेवढ्यात गल्लीच्या त्या टोकाला फाटक वाजलं.

ताई बाहेर आली होती. पायांत चपला नव्हत्या, हातात काठी नव्हती, कारण काठी रस्त्यावर लोळत होती. खिडकीत बसून ती काठीचा टक-टक आवाज ऐकत होती, आणि तो बंद झाला होता. तिने मान जराशी तिरकी केली, कडेच्या नजरेने बघायची तिची ती ढब, आणि हाक मारली.

"अहो!"

"हं," भाऊजी म्हणाले. तो आवाज त्यांचा वाटला नाही.

"हलू नका तिथून. मी येते."

"अगं, तू नको येऊस, इथे खडी आहे."

"खडी आहे ते कळलं. तुम्ही बोलत राहा. म्हणजे मला कळेल कुठे आहात ते."

"काय बोलू?"

"काहीही बोला! जन्मभर बोलत आलात ना?"

मग भाऊजींनी, काळी पट्टी बांधलेल्या, खडीत घोट्यापर्यंत रुतलेल्या त्या माणसाने, घसा खाकरला आणि मोठ्याने सुरुवात केली.

"पहिली पेटी, स्वयंपाकघर. भांडी खाली, कप वर. दुसरी पेटी, अंथरुणं-पांघरुणं. उशा मोकळ्या सोडायच्या नाहीत. तिसरी पेटी, पुस्तकं आणि औषधं…"

आणि त्या आवाजाच्या रोखाने माझी ताई चालत आली. पायरी उतरली. उखडलेल्या फरशीवर अनवाणी पाय जपून टाकत आली. गटाराच्या झाकणापाशी बाजूला झाली. मोटारसायकलवाल्यांनी इंजिनं बंद केली होती. औषधवाला पुढे व्हायला निघाला, तर मी दुकानातून त्याच्यावर असे डोळे वटारले की तो जागीच राहिला. हुकूम बाहेर न पडण्याचा होता, डोळे वटारण्याबद्दल काही ठरलं नव्हतं. सातव्या पेटीपर्यंत, म्हणजे चपला आणि छत्र्यांपर्यंत, भाऊजी आले होते, तेव्हा ताईचा हात त्यांच्या दंडाला लागला. भाऊजींनी तो दोन्ही हातांनी धरला आणि त्यांचं बोलणं थांबलं.

ती त्यांना घरी नेईल असं मला वाटलं. पण तिने मान तिरकी करून अदमास घेतला आणि त्यांना घेऊन ढिगाच्या उजव्या कडेने माझ्या दुकानाकडे निघाली. शाळेच्या भिंतीपाशी, सावलीत, दोघंही दम घ्यायला थांबली. मग दुकानाच्या पायऱ्या चढून ताई आत आली, हाताने चाचपून आपल्या स्टुलावर बसली, आणि तिथे बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण कुठे आलो आहोत. ती माझ्याकडे, म्हणजे माझ्या शेजारच्या भिंतीकडे बघून रडायला लागली. मी तर कधीचीच रडत होते.

भाऊजींनी पट्टी सोडली. डोळे चोळले, शर्टाची धूळ झटकली, चहा घेतला. चहा घेतल्यावर माणूस परत ब्रिगेडियर झाला. उभे राहिले, हात मागे बांधले.

"उद्या तू एकटी निघायचं. मी फाटकापाशी उभा राहीन, पुढे येणार नाही. जनरल इथून बघेल, बाहेर पडणार नाही. खडीच्या ढिगाला उजवीकडून वाट आहे, ती आज आपण पाहिली. काही शंका?"

मी कप उचलायला वाकले होते.

"आहे," ताई म्हणाली.

भाऊजींनी मागे बांधलेले हात सोडले.

"विचार," ते म्हणाले.

"आज तुम्ही खरंच अडकलात, की मला घराबाहेर काढायला केलेलं नाटक होतं?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. माझ्याही मनात तेच होतं. काहीही झालं तरी बाहेर पडू नकोस, असं कोणी उगाच बजावत नाही.

"नाटक ठरवलं होतं," भाऊजी म्हणाले. "सायकलच्या दुकानापाशी थांबायचं आणि तुला हाक मारायची. तू येशील असा अंदाज होता. पण तिथपर्यंत पोचलोच नाही. खडीत पडलो आणि घर कुठल्या बाजूला ते कळेना. तुझी खिडकी कुठल्या बाजूला तेच कळेना. हाक मारायची ठरली होती, पण आवाज फुटेना." त्यांनी काळ्या पट्टीची घडी घातली. "मी घाबरलो होतो."

ताईने पदराने डोळे पुसले. "डोंगरावर नव्हता घाबरलात?"

"तिथे? तिथे तर आजच्या दसपट," भाऊजी म्हणाले. "म्हणून तर बोलत होतो. गप्प राहिलो असतो तर पाय उचलला नसता. माणसांना वाटलं मी त्यांच्यासाठी बोलतोय. नंतर तेच कागदावर आलं, पदक मिळालं, मग खरं सांगायची सोयच राहिली नाही."

ताईने हात पुढे केला. भाऊजी तिच्या स्टुलाशेजारी, कापडाच्या गठ्ठ्यावर बसले. त्या गठ्ठ्यावर मी कोणाला बसू देत नाही, पण त्या दिवशी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मशीनवर होते. फाटक वाजलं. काठीचा आवाज आला, आणि त्याच्याबरोबर ताईचा आवाज. ती बोलत येत होती, मोठ्याने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

"पहिली पेटी, स्वयंपाकघर. भांडी खाली, कप वर. मला तेव्हाच वाटलं होतं, कप वर ठेवले तर फुटणार. फुटलेच. एकही धड राहिला नाही. दुसरी पेटी, अंथरुणं. अहो, पहिल्या रात्री लागतात ती अंथरुणं, आणि तुम्ही ती सगळ्यात आधी गाडीत चढवून तळाशी घातलीत. पोरगं कुडकुडलं माझं. तिसरी पेटी…"

मी मशीन थांबवलं आणि दारात आले. ताई उन्हातून येत होती, मान तिरकी, काठी पुढे, तोंडाचा पट्टा चालू. खडीच्या ढिगाला उजवीकडून वळसा घालताना ती एका बदलीच्या गावातल्या गळक्या छपराबद्दल बोलत होती. फाटकापाशी भाऊजी सावधान उभे होते आणि एकेका शंकेला तिथूनच उत्तर देत होते.

"बरोबर आहे!" ते ओरडून म्हणत होते. "चूक माझी! पुढे!"